कॅबिनेट उघडा की, डिग्रीवाल्यांनो!

मंडळी, आज जरा चिडचिड.

कराडला माझ्या मामाचा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. तिथला पीसी २०१२ चा. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर आय३, नंतर वाढवलेली रॅम. तक्रार एवढीच, की लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवायला फार वेळ लागतो. दुकानदाराचं निदान: "बोर्ड जुना झालाय, नवीन सेट घ्या." कोटेशन बेचाळीस हजार! मामाने मला फोन केला. आणि मी, कॉम्प्युटर इंजिनिअर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या म्हणालो, "मामा, किती दिवस चालवणार तो डबा? टाक विकून."

आता लाज वाटते. कारण प्रश्न बोर्डाच्या वयाचा नव्हताच, पोर्टचा होता. एच६१ मध्ये यूएसबी ३.० नाही. २.० म्हणजे कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ मेगाबाइट. ६४ जीबीचं कार्ड म्हणजे अर्धा तास गेला. आणि त्याच बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा छोटा एक्स१ स्लॉट इतकी वर्षं धूळ खात पडलेला, ज्यातून सेकंदाला ५०० मेगाबाइट जाऊ शकतात! यूएसबी ३.० चं कार्ड मला हजाराच्या आत मिळालं.

शनिवारी जाऊन बसवलं. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, केसच्या पत्र्याला हात लावा, मागची पट्टी काढा, कार्ड सरळ दाबा, स्क्रू पिळा. झालं. म्हणजे, व्हायला हवं होतं... डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतंय, पण पेनड्राइव्ह काही ओळखेना. अर्धा तास ड्रायव्हर काढ-घाल केल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते आणि ती मी लावलीच नव्हती. मामी चहा घेऊन उभी. "एवढं शिकलास, त्यात हे नव्हतं का रे?"

नव्हतं ना मामी! ८२५९ इंटरप्ट कंट्रोलरच्या पिना आम्ही घोकल्या, ८०८६ च्या आकृत्या मार्कांसाठी काढल्या. कॅबिनेट मात्र लॅब असिस्टंट उघडणार आणि आम्ही लांबून बघणार. गंमत म्हणजे आयएसए कार्डांच्या काळात ते ज्ञान खरंच कामाला यायचं. साउंड कार्ड आणि दुसरं एखादं कार्ड दोघंही आयआरक्यू ५ वर बसले की भांडण, मग जंपर हलवा. आज ते सगळं मशीन स्वतः ठरवतं. तरी आपण स्क्रू-ड्रायव्हरला घाबरतो, आणि घाबरतो हे कबूल न करता "आउटडेटेड आहे" म्हणून मोकळे होतो. खर्च मामाचा, कचरा गावाचा, आपलं काय जातंय?

आता कार्ड टाकलं की सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. एनव्हीएमई ड्राइव्ह अॅडॉप्टरवर बसतो, पण जुना बायॉस त्यावरून बूट करत नाही. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात, त्यापुढे तुमच्या पॉवर सप्लायची लायकी. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. म्हणून मामाचा पीसी आता नेटला जोडलेलाच नाही. फोटो उतरवायचे, प्रिंट काढायचे, बस्स.

६४ जीबीला आता बारा-तेरा मिनिटं लागतात. बेचाळीस हजारांतल्या थोड्या पैशांत मामाने नवा फ्लॅश घेतला.