कड्यावरची जुनी धरणे आणि पायथ्याचे प्रश्न

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. त्यांना पाणी पुरविणारी वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही सह्याद्रीच्या माथ्यावरची टाटांची दगडी धरणे आता शंभरी ओलांडून गेली आहेत. त्यांचे पाणी नळांतून घाट उतरते, वीज निर्माण करते आणि मग एकीकडे पाताळगंगेला, तर दुसरीकडे पेज नदीतून उल्हासला मिळते. कर्जत तालुक्यात राजनाल्याखाली होणारे उन्हाळी भात या पाण्यावर पिकते. खालापुरातले कारखाने त्यावर चालतात. साहजिकच या धरणांची प्रकृती हा केवळ लोणावळ्याचा वा एका कंपनीचा प्रश्न राहत नाही.

येथे भूगोलाचा एक चमत्कारिक पेच आहे. पाणी बोगद्यातून पश्चिमेस आणले असले, तरी मूळ नद्यांचा उतार पूर्वेकडे आहे. उद्या यांपैकी एखाद्या भिंतीला काही झाले, तर लोंढा कर्जत-खालापुरावर न कोसळता मावळात, इंद्रायणीच्या खोऱ्यात जाईल. लाभ एका तालुक्याला आणि जोखीम दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. पाण्याच्या मागणीसाठी मोर्चा काढणारा कर्जतचा शेतकरी आणि धरणाच्या विसर्गाकडे डोळे लावून पावसाळ्यातल्या रात्री काढणारा मावळचा शेतकरी यांना एकत्र बसविणे हे राजकीय काम आहे. अभियंते ते करणार नाहीत.

जुने धरण म्हणजे धोक्याचे धरण, हे समीकरण मात्र महाराष्ट्राच्या अनुभवाला धरून नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ते पहिल्याच पावसाळ्यात पाणी अडविले असताना. काम अपुरे होते आणि घाई झाली होती. त्या लोंढ्याने ज्या खडकवासला धरणाची भिंत फोडली, ते एकोणिसाव्या शतकातले धरण तोवर ऐंशी वर्षांहून अधिक काळ उभे होते. म्हाताऱ्याला तरुणाने पाडले! २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे वाहून गेली. त्या धरणाचे वय जेमतेम दोन दशकांचे असेल. भिंतीतून पाणी झिरपत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. खेकडे मातीची भिंत पोखरत असतील, नसतील. तक्रारीचा कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर खेकड्यांनी सरकवला नव्हता.

तेव्हा प्रश्न वयाचा कमी आणि देखभालीचा अधिक आहे. आणि देखभालीचे अर्थशास्त्र मोठे निष्ठुर असते. नव्या धरणाला कोनशिला असते, ठेकेदार असतो, सुधारित अंदाजपत्रक असते. जुन्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरणे, झिरपा मोजणे, दरवाजांचे गंज काढणे यांत कोणाचेही छायाचित्र छापून येत नाही. कर्जत तालुक्याने हा फरक जवळून पाहिला आहे. कोंढाणे धरणाचे काम सिंचन घोटाळ्याच्या चौकशीत अडकले. पाली-भुतिवली धरणात पाणी साठले, पण शेतापर्यंत कालवे पोचले नाहीत. आणि २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने याच तालुक्यातील पोशीर व शिलार या दोन धरणांना मिळून अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची मान्यता दिली. त्यांचे पाणी प्रामुख्याने मुंबई महानगर प्रदेशासाठी आहे. या अकरा हजार कोटींत पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीची कायमची तरतूद किती, हा प्रश्न विधिमंडळात कोणी तरी विचारावयास हवा.

आणखी एक गोष्ट. या परिसरातली धरणे विजेसाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. पूर अडविण्यासाठी कोणीही ती बांधलेली नाहीत. मालकाचे हित जलाशय भरलेला ठेवण्यात असते, खालच्या माणसाचे हित त्यात थोडी जागा रिकामी ठेवण्यात असते. जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये उल्हासने काय केले ते बदलापूर-वांगणीकरांना ठाऊक आहे. पातळी थोडी खाली ठेवली की वीज बुडते, पाणीपट्टी बुडते, म्हणून दुखणाईत धरणही काठोकाठ भरण्याचा मोह सुटत नाही. हा मोह मोडण्याचा अधिकार मालकाबाहेरच्या यंत्रणेकडे असलाच पाहिजे, मग मालक टाटा कंपनी असो, जलसंपदा खाते असो किंवा मोरबे धरणाची मालक नवी मुंबई महापालिका असो. खासगी मालक तेवढा वाईट आणि सरकारी मालक चांगला, असे मानण्याची सोय तिवऱ्याने समाजवाद्यांना ठेवलेली नाही.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा येथे उपयोगी पडू शकतो. पंधरा मीटरहून उंच धरणांना (आणि काही अटींवर दहा मीटरहून उंच असलेल्यांनाही) तो लागू आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन, आणि आपत्कालीन कृती आराखडा ही मालकाची जबाबदारी आहे. कायदा ३० डिसेंबर २०२१ रोजी अमलात आला. पहिले मूल्यमापन आणि आराखडा यांसाठी त्याने पाच वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेरची मुदत ठेवली. पालन नाकारणाऱ्यास कैदेची शिक्षा आहे. कायद्याचे दुबळेपण असे की, हे अहवाल धरणाखालच्या गावात वाचून दाखविण्याची सक्ती त्यात नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री मोरब्याच्या परिसरातच इर्शाळवाडीवर दरड कोसळली. धोकादायक वस्त्यांच्या यादीत त्या ठाकूरवाडीचे नावच नव्हते. कागदावर नसलेल्या माणसांना इशारा कोण देणार?

कर्जत, खालापूर आणि मावळ येथील कार्यकर्त्यांनी त्यासाठी प्रत्येक ग्रामसभेत ठराव घ्यावेत: तपासणी अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आराखड्यात नदीकाठच्या कातकरी व ठाकूर वाड्यांची नावे असावीत, आणि पाणी सोडण्यापूर्वी भोंगा कोठे व कोण वाजविणार हे लेखी ठरावे. ठरावाची एक प्रत तहसीलदारांकडे, एक धरणाच्या मालकाकडे आणि एक पक्षाच्या जिल्हा कार्यालयाकडे जावी. अहवाल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि पहिला अर्ज पाऊस सुरू होण्याच्या आत गेला पाहिजे.