हक्कांचा धडा कापसाच्या शिवारात

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या हाती पडणाऱ्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीची काही पाने ठरलेली असतात. संविधानाची उद्देशिका, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि अनुच्छेद ५१ क मधील मूलभूत कर्तव्यांची यादी. मूलभूत हक्कांची यादी मात्र त्या पानांवर नसते. ती वाचण्यासाठी नागरिकशास्त्राच्या पुस्तकापर्यंत जावे लागते. २०१७ मध्ये आलेल्या सातवीच्या पुस्तकाने हक्कांना दोन स्वतंत्र प्रकरणे दिली, ही स्वागतार्ह बाब होती. तरीही मुलाच्या मनावर ठसणारा क्रम बदलत नाही: कर्तव्ये रोज डोळ्यांपुढे, आणि हक्क परीक्षेपुरते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा क्रम किती महागात पडू शकतो, हे त्याच २०१७ सालच्या खरीप हंगामाने दाखवून दिले.

त्या वर्षी कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना झालेल्या विषबाधेत जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. चर्चेचा सूर मात्र लवकरच एका वळणावर स्थिरावला: फवारणी करणाऱ्याने हातमोजे घातले नव्हते, तोंडाला मास्क लावला नव्हता, वाऱ्याची दिशा पाहिली नव्हती. थोडक्यात, ज्याचा जीव गेला त्याच्याच बेजबाबदारपणाकडे बोट दाखवले गेले.

वास्तविक कीटकनाशक नियम, १९७१ काही वेगळेच सांगतात. कीटकनाशक हाताळणाऱ्याला पुरेसे संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, असे ते म्हणतात. सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याची व्यवस्था उत्पादक, वितरक आणि फवारणीचे काम करवून घेणाऱ्यांवर ते सोपवतात. डब्यावरील लेबल आणि आतील माहितीपत्रक स्थानिक भाषेतही असावे, असा दंडक आहे. डब्यावरच्या चौकोनातील रंग विषाची तीव्रता दर्शवतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यामानाने सौम्य. रोजंदारीवर पाठीला पंप लावून फवारणी करणाऱ्या मजुराला यांपैकी किती गोष्टी कोणी समजावून सांगितल्या होत्या? सुरक्षित साधने मागणे हा आपला हक्क आहे आणि ती पुरवणे ही दुसऱ्या कोणाची तरी कायदेशीर जबाबदारी आहे, हे ज्याला ठाऊकच नाही, त्याच्या माथी सगळी जबाबदारी मारणे फार सोपे असते. मानवी हक्कांचे शिक्षण या शब्दांना शिवारात असा अर्थ येतो.

हक्क आणि जबाबदारी या जोडीचा इतिहासही या संदर्भात लक्षात घ्यावा लागेल. १९५० च्या मूळ संविधानात नागरिकांच्या कर्तव्यांची यादी नव्हती. ती १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. म्हणजे नागरिकांचे हक्क सर्वाधिक आकसले होते त्या काळात. पुढे १९९८ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तीही कर्तव्ये कशी शिकवावीत याचा विचार करण्यासाठीच. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आणि त्याच दुरुस्तीने त्या वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य पालकांवर टाकले. हक्क मुलाचा आणि कर्तव्य मोठ्यांचे, अशी ही दुर्मीळ सरळ मांडणी आहे. एरवी शाळेत ‘जबाबदारी’ म्हटले की मुलाने कागद कचरापेटीत टाकावा, इथपर्यंतच विषय पोहोचतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ४२ वे कलम आहे. करारातील तत्त्वे मोठ्यांइतकीच मुलांनाही माहीत करून देण्याचे बंधन ते सरकारांवर घालते. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. मात्र हे कलम जिथे राबायला हवे तिथली परिस्थिती गुंतागुंतीची आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि वेचणीला हात कमी पडतात. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. घरातले आणखी दोन हात लागले तर तेवढीच भर. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी केली, पण धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात शाळेची वेळ सोडून मदत करण्याची मुभाही ठेवली. आईसोबत वेचणीला गेलेले मूल ‘मदत’ करते आहे की मजुरी, हे बांधावर उभे राहून कोण ठरवणार? शिक्षकाने हक्काचा धडा शिकवायचा आणि त्याच आठवड्यात वर्गातली निम्मी बाके रिकामी असतील तर कोणाला जाब विचारायचा? आईबापांना गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. कापसाच्या भावाचा आणि मजुरीच्या दराचा विषय त्यात येतोच.

कोलामांच्या पोडावरील मुलांचे प्रकरण याहून नाजूक. राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कोलाम हा एक, आणि यवतमाळ हा त्यांच्या प्रमुख वस्तीचा जिल्हा. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्याविषयी संविधानाचा अनुच्छेद ३५० क १९५६ पासून सांगतो आहे. घरी कोलामी बोलणाऱ्या मुलाला समतेचा धडा न समजणाऱ्या भाषेत पाठ करावा लागला, तर त्या धड्यातून ते नेमके काय शिकेल?

मोठ्यांनी घालून दिलेला वस्तुपाठही फारसा अनुकरणीय नाही. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळलाच भरले. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले आणि अखेर उद्घाटन झाले ते शेतकरी आत्महत्येत पती गमावलेल्या जिल्ह्यातीलच एका महिलेच्या हस्ते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द पुस्तकात वाचणाऱ्या यवतमाळच्या विद्यार्थ्याला एवढे जवळचे उदाहरण दुसरे मिळाले नसते. त्यावर किती वर्गांत चर्चा झाली असेल, याची कल्पना करता येते.

राज्यात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. संविधानातील मूल्यांवर आधारलेला ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू केला आणि पुढे शासनाच्या साथीने तो जिल्हा परिषदांच्या शाळांत पसरला. त्याचे बलस्थान असे की त्यात उपदेश कमी आणि जोडीने बोलणे, गटात काम करणे अधिक. याउलट २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत सुरू करण्यात आलेले उद्देशिकेचे सामूहिक वाचन पठणातच अडकण्याचा धोका मोठा आहे. रोज म्हटलेल्या मजकुराचा अर्थ विचारणे हळूहळू थांबते, हा प्रतिज्ञेचा अनुभव ताजा आहे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असे म्हटले आहे. समितीच्या बैठकीला उपस्थित राहिल्याबद्दल मजुराचा दिवसाचा रोज बुडतो, त्यामुळे अनेकदा सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. बैठका संध्याकाळी घेता येतील, मुलांना आपले म्हणणे तिथे मांडता येईल. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरील मजकूर सहावी-सातवीचे मूल सहज वाचू शकते आणि घरच्यांना समजावून सांगू शकते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. कपाशीवरची फवारणी जोर धरते ती त्यानंतर, जुलै-ऑगस्टमध्ये.