दोन चाव्या आणि एक वही

आपल्याकडे नट गेला, गायक गेला, की शोकसभा होते, वर्तमानपत्रांत लेख येतात. ते योग्यच आहे. पण नाटकाच्या दिव्यांची पेटी वर्षानुवर्षे सांभाळणारा, किंवा गणेशोत्सवातले हलते देखावे हलवणारा माणूस गेला, की त्याच्याबरोबर एक अख्खी विद्या जाते आणि त्याची कुणाला वार्ताही नसते. मोटर, पट्टे, दोऱ्या आणि सायकलची जुनी चाके यांच्या जोरावर भीमाची गदा नेमक्या शब्दाला वर उचलायला लावणारे डोके कुणाचे, हे मंडळाच्या अहवालात शोधूनही सापडत नाही. पुढच्या वर्षी नवा कार्यकर्ता पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करतो.

ही हानी टाळण्याची एक वाट इटलीतील इव्रेआ या गावाने दाखवली आहे. ऑलिव्हेत्तीच्या टंकलेखन यंत्रांमुळे हे गाव जगाला माहीत होते. तिथे २००१ मध्ये संकल्पन शिकवणारी एक संस्था निघाली. विद्यार्थी कलेकडून आलेले. विजेची मंडले, मायक्रोकंट्रोलर हे त्यांना परके आणि खिशाला न परवडणारे. त्यांच्यासाठी मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तळहातावर मावेल असा एक स्वस्त फलक तयार केला. अड्ड्यावरच्या बारचे नाव त्याला मिळाले : आर्डुइनो. ते नाव मुळात अकराव्या शतकातील तिथल्या राजाचे. हा फलक प्रकाश, स्पर्श किंवा तापमान ओळखणाऱ्या संवेदकाचे म्हणणे ऐकतो आणि त्यानुसार दिवा लावतो, मोटर फिरवतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. संस्थाच बंद पडण्याच्या बेतात होती. बंद पडलेल्या संस्थेच्या कपाटात आपले काम कुलूपबंद होईल, या धास्तीने त्यांनी आराखडे सर्वांसाठी खुले करून टाकले. कुणीही ते पाहावेत, तसा फलक बनवावा, त्यात बदल करावेत, विकावाही. यालाच मुक्त हार्डवेअर म्हणतात. पुढे ती संस्था इव्रेआत उरली नाही. फलक मात्र जगभर पोहोचला.

या कथेला एक काळी किनारही आहे. त्याच संस्थेतील एर्नान्दो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये केलेल्या ‘वायरिंग’ या कामावर आर्डुइनोची उभारणी झाली होती. आपल्याला पुरेसे श्रेय मिळाले नाही, ही खंत त्याने २०१६ मध्ये सविस्तर लिहून मांडली. तेव्हा आराखडा सर्वांचा झाला, तरी नाव ज्याचे त्याचेच राहिले पाहिजे, हेही इव्रेआकडूनच शिकायचे.

आपल्या कलासंस्थांना याचा उपयोग काय? तालुक्याच्या गावातले छोटे वस्तुसंग्रहालय घ्या. पावसाळ्यात पोथ्यांना, जुन्या पैठण्यांना बुरशी धरते. कपाटातली आर्द्रता तासातासाला टिपून ठेवणारे यंत्र अशा फलकावर थोड्या खर्चात जुळवता येते. एखाद्या वाद्यासमोरची कळ दाबली की त्याचा आवाज ऐकू यावा, ही सोय अंध पाहुण्याच्या दृष्टीने किती मोलाची! बालनाट्यातला राक्षस डोळे मिचकावू शकतो, नेपथ्यातले झाड पालवू शकते. अर्थात हा फलक जेमतेम पाच व्होल्टवर चालतो. रंगमंचावरचे मोठे दिवे २३० व्होल्टचे; त्यांना हात लावायचा तो परवानाधारक तंत्रज्ञानेच. हौसेला मोल असले तरी जिवाशी खेळ नको.

हे जुळवून देणारी माणसे शोधायला परदेशी जायला नको. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हे त्याचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये इथेच उभी राहिली. आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत, आयटीआयमध्ये, शहरांतल्या कार्यशाळांत स्वतः वस्तू घडवणारी तरुण मुले भेटतात. त्यांना अवघड प्रश्न हवे असतात आणि नाट्यसंस्थांकडे अवघड प्रश्नांचा तोटा नाही. फक्त त्यांना प्रयोगाच्या आदल्या रात्री बोलावू नये. पहिल्या वाचनाला बोलवावे, मानधन द्यावे आणि जाहिरातीत नाव छापावे. ‘मुलगा हौशी आहे, चहावर काम करतो’ ही वृत्ती कलेला शोभत नाही.

माझी भीती वेगळीच आहे. फलक आणला, मुलाने उत्साहाने जुळवला, पुढच्या जूनमध्ये त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडले, तर बंद डब्यातल्या महागड्या यंत्रात आणि या मुक्त यंत्रात फरक तो काय राहिला? जगासाठी खुला असलेला आराखडा आपल्याच संस्थेत कुणाला ठाऊक नसेल, तर तो बंदच समजायचा.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. तिथल्या रुक्ष रिवाजांपैकी दोन इथे उपयोगी पडावेत. तिजोरीच्या चाव्या एका माणसाकडे कधीच नसतात, दोघांकडे असतात. आणि बदली झाली की अधिकारी चार्ज दिल्याशिवाय जात नाही. किल्ल्या, रजिस्टरे, अर्धवट राहिलेली कामे, सगळे लिहून नव्या माणसाच्या हाती सोपवतो. कलासंस्थांनीही प्रत्येक यंत्र किमान दोघांना शिकवावे, त्यातला एक तरी कायम गावात राहणारा असावा. आणि एक वही ठेवावी. तीत जोडणीची आकृती, सुट्या भागांची यादी, ते कोणत्या दुकानातून आणले, काय बिघडले, कसे दुरुस्त झाले आणि हे कुणी केले, सगळे मराठीत. त्या वहीची प्रत शेजारच्या संस्थेने मागितली तर आनंदाने द्यावी.

देणगीदारांनाही एक विनंती. यंत्राच्या खरेदीवर कोनशिला बसवता येते, देखभालीवर बसवता येत नाही, म्हणून देखभालीला पैसे मिळत नाहीत. दिलेल्या रकमेतला एक हिस्सा दुरुस्तीसाठी आणि शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी राखून ठेवा, अशी अट देणगीपत्रातच घाला.

गणेशोत्सव संपला की मंडपाचे खांब निघतात, मूर्ती विसर्जित होते. देखाव्यामागची विद्या विसर्जित होण्याचे काही कारण नाही. येत्या वर्षी हिशेबाच्या वहीशेजारी मंडळाने ही दुसरी वही उघडावी; तिला लागणारा खर्च शंभर पानांच्या वहीचा आणि एका पेनाचा आहे.