कार्सचा किल्ला का पडला?

कामगार बंधूंनो, काळ्या दगडाचा कार्सचा किल्ला म्हणजे काही ऐरागैरा नव्हे! १८५५ साली हेच शहर रशियन वेढ्यात महिनोन् महिने झुंजले, अन्न संपले तेव्हाच वाकले. पण ३० ऑक्टोबर १९२० रोजी तेच कार्स अवघ्या काही तासांत पडले. शेकडो तोफा, दारूगोळा, हजारांवर सैनिक, वर सेनापतीसुद्धा, सारे तुर्कांच्या हाती. असे का झाले?

पहिल्या महायुद्धात झार बुडाला, सुलतान खिळखिळा झाला. मधल्या मुलखात १९१८ साली आर्मेनियाचे छोटे प्रजासत्ताक उभे राहिले, १९१९ साली कार्स त्याच्याकडे आले. सप्टेंबर १९२० मध्ये काझिम काराबेकिरची तुर्की फौज चालून आली. आधी सारिकामिश गेले, महिन्याभराने कार्स.

आता तटावर उभा होता कोण, ते बघा. १९१५ च्या कत्तलीतून वाचलेल्या निर्वासितांनी देश भरलेला. भाकरी अमेरिकेतून येणाऱ्या पिठाची. शिपाई वर्षानुवर्षे लढून थकलेला. त्याच वर्षी मे महिन्यात अलेक्झांड्रोपोलला बंड झाले, ते सरकारने चिरडले. घरी पोरे उपाशी, मनात सरकारविषयी अढी; मग तोफ डागायची कोणी आणि कोणासाठी?

आणि पुढारी? त्यांची सारी भिस्त सेव्ह्रच्या तहाच्या कागदावर! १० ऑगस्ट १९२० रोजी बड्या राष्ट्रांनी त्यावर सह्या केल्या. फौज मात्र एकानेही धाडली नाही. कहर पुढेच आहे. २२ नोव्हेंबरला अमेरिकेच्या विल्सनसाहेबांनी नकाशावर रेघ ओढून एर्झुरूम, व्हान, त्राब्झोन आर्मेनियाला बहाल केले. तोवर कार्स जाऊन तेवीस दिवस झाले होते!

खरी सीमा ठरली १६ मार्च १९२१ ला मॉस्कोत, रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात. ऑक्टोबरात कार्सच्याच तहावर सोव्हिएत आर्मेनियाची सही घेतली, ती ठरलेल्यावर शिक्का मारण्यापुरती. आर्मेनियनांची जुनी राजधानी आनी नदीच्या पलीकडे तुर्कस्तानात राहिली. अलीकडच्या काठावरून तिचे अवशेष नुसते बघायचे. गावे मात्र आर्मेनियनांचीही जळाली, मुसलमान शेतकऱ्यांचीही.

आम्ही एवढेच म्हणतो: परक्याच्या सहीवर विसंबून सीमा राखता येत नाही. तट राखतो तो पोटभर जेवलेला, ज्याचा शब्द आपल्या राज्यात ऐकला जातो असा माणूस. त्याला विसरले, की काळा दगडही मातीच!