दोन इंचांचा मासा, तीन फुटांचा हिशेब

वृत्तविश्लेषण

सावंगी (मेघे), प्रतिनिधी : एप्रिल २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि पाठोपाठ मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात ‘अ‍ॅलिगेटर गार’ हा मगरीसारख्या जबड्याचा मासा आढळला. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तो भारतातील तलावात आपोआप येणे शक्य नाही. कोणीतरी हौसेने पाळलेला आणि वाढ आवाक्याबाहेर गेल्यावर सोडून दिलेला हा मासा असावा, असाच तर्क दोन्ही वेळी व्यक्त झाला. काचेच्या टाकीचे माप चुकले की त्याचा परिणाम घराबाहेर कोठपर्यंत पोहोचतो, याचा हा नमुना. वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगीसारख्या गावानेही त्याची दखल घ्यावयास हवी.

१९९० साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून सावंगी हे विद्यार्थ्यांचे, परिचारिकांचे आणि भाड्याच्या खोल्यांचे गाव झाले आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी साडेचार वर्षे अभ्यासक्रमासाठी व एक वर्ष आंतरवासितेसाठी, असा एकूण साडेपाच वर्षे येथे राहतो. ऑस्कर मासा मात्र नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षे जगतो. गाव सोडताना पलंग, टेबल विकता येते. फूटभर वाढलेल्या माशाला गिऱ्हाईक मिळत नाही. अशा वेळी जवळची नदी आठवते, आणि येथे ती नदी म्हणजे धाम.

नाव वेगळे, मासा तोच

शोभिवंत माशांच्या दुकानात चिमुकला चंदेरी मासा ‘शार्क’ म्हणून विकला जातो. शार्कशी त्याचा काहीही संबंध नाही. तो मेकाँग खोऱ्यातला पंगस. महाराष्ट्रातील जलाशयांत पिंजरा पद्धतीने हाच मासा खाण्यासाठी वाढवतात आणि चांगले खाद्य मिळाल्यास आठ-दहा महिन्यांत तो किलोभर भरतो. पूर्ण वाढीचा पंगस सव्वा मीटरहून लांब होऊ शकतो. ‘पिरान्हा’ म्हणून दाखवला जाणारा लाल पोटाचा मासा बहुधा पाकू असतो; मासळीबाजारात त्यालाच रूपचंद म्हणतात. मासळीबाजारात जो मासा तराजूत किलोने मोजला जातो, तोच दुकानात दोन इंचांचा असताना दोन फुटांच्या टाकीसाठी सुचवला जातो, ही विसंगती ग्राहकाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्हीकडची नावे निराळी.

‘रेडटेल कॅटफिश’ची गोष्ट याहून गंभीर. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला हा मासा दुकानात बोटभर असतो आणि तीन-चार फुटांपर्यंत वाढतो. चंदेरी अरोवाना वर्षभरात दीड-दोन फुटांपर्यंत पोहोचू शकतो. ‘काच साफ करणारा’ म्हणून सहज टाकीत टाकला जाणारा सकर मासाही दीड फुटाचा होतो.

मासा टाकीएवढाच वाढतो?

‘टाकी लहान असली की मासा लहानच राहतो’ हा समज सर्वत्र रूढ आहे. त्यात तथ्य एवढेच, की कोंडलेल्या आणि घाण पाण्यात माशाची वाढ खुंटते. परंतु ती कुपोषित मुलाच्या वाढीसारखी खुंटते. कणा वाकडा होतो, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि आयुष्य निम्म्यावर येते. शिवाय अनेक मोठे मासे खुंटल्यावरही टाकीच्या मानाने फारच मोठे होतात.

‘दर इंच माशाला एक गॅलन पाणी’ हे सूत्रही मोठ्या माशांना लागू पडत नाही. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारण आठपट होते. एकेक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा यांची बेरीज सारखी दिसत असली, तरी त्या एका माशाचे वजन दहांच्या एकत्रित वजनाच्या जवळपास शंभरपट भरते. त्याच प्रमाणात नसले तरी त्याचे खाणे, विष्ठा आणि पाण्यात सोडला जाणारा अमोनिया कित्येक पटींनी वाढतो. तो अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढण्यास काही आठवडे लागतात, म्हणून नव्या टाकीत लगेच मोठा मासा सोडणे घातक ठरते.

माप कसे ठरवावे

टाकी निवडताना माशाचे आजचे माप पाहू नये, पूर्ण वाढीचे पाहावे. साधारण नियम असा : टाकीची लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या किमान चौपट आणि रुंदी किमान माशाच्या लांबीइतकी, शक्य तर दीडपट. रुंदी कमी पडली तर माशाला वळताच येत नाही. उंचीला त्यामानाने महत्त्व कमी. मात्र अरोवाना उडी मारतो, म्हणून भक्कम झाकण हवे.

एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. फूटभराच्या एका ऑस्करला चार बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे सुमारे २५५ लिटरची टाकी लागते. अडीच फुटांच्या अरोवानासाठी दहा बाय अडीच बाय दोन फूट, म्हणजे सुमारे १,४०० लिटर. तीन फुटांच्या रेडटेलसाठी बारा बाय तीन बाय तीन फूट, म्हणजे तीन हजार लिटरहून अधिक. हे मासे दिवाणखान्यात पाळण्याचे नाहीत, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट व्हावे.

वजनाचा प्रश्न तर बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत पाणीच सुमारे ६८० किलो भरते. काच, वाळू आणि स्टँड वेगळे. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार गृहीत धरला आहे. या टाकीखालच्या जमिनीवर त्याच्या तिपटीहून अधिक भार पडतो. भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्यापूर्वी घरमालकाची संमती आणि अभियंत्याचा सल्ला दोन्ही आवश्यक आहेत.

विदर्भाचा उन्हाळा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या खाली येतो. पाणी तापते तशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यात वीज गेली आणि हवेचा पंप व फिल्टर बंद पडला, की दाटीच्या टाकीतला मोठा मासा आधी दगावतो.

पाणी बदलण्याचा खर्चही मोजला पाहिजे. आठवड्याला चौथा भाग पाणी बदलायचे म्हटले तर तीन हजार लिटरच्या टाकीला साडेसातशे लिटर लागतात. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. म्हणजे एका माशाचे आठवड्याचे पाणी एका माणसाला जवळजवळ दोन आठवडे पुरेल.

नदी ही पर्यायी टाकी नव्हे

मासा नदीत सोडला तर त्याचे प्राण वाचतील आणि पुण्यही लाभेल, अशी अनेकांची भावना असते. प्रत्यक्षात परका मासा एक तर उपासमारीने मरतो किंवा तगून स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. सकर मासा हवेतील प्राणवायू घेऊन निकृष्ट पाण्यातही जगतो, काठात बिळे करतो आणि त्याच्या काटेरी कवचामुळे जाळी फाटतात. उजनी जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत आल्या आहेत. धामचे पाणी पुढे वर्धा व प्राणहितेमार्गे गोदावरीला मिळते. तेथे असा मासा रुजला तर त्याची झळ प्रथम भोई व ढिवर समाजाच्या पोटाला बसेल.

कायद्याने काही पावले उचलली आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींवर नियंत्रणाचे अधिकार केंद्राला मिळाले. आशियाई अरोवाना, अरापायमा यांसारख्या आंतरराष्ट्रीय करारातील प्रजाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. परंतु पंगस, पाकू, ऑस्कर, सकर हे रोज विकले जाणारे मासे त्या यादीत नाहीत.

म्हणूनच उपाय दुकानाच्या पातळीवर हवा. प्रत्येक टाकीवर माशाच्या किमतीशेजारी त्याची पूर्ण वाढीची लांबी, आयुर्मान आणि लागणाऱ्या टाकीचे माप लिहिणे मत्स्यव्यवसाय विभागाने बंधनकारक करावे. न पेलवणारा मासा परत घेण्याची सोय विक्रेत्यांनी ठेवावी. तोपर्यंत ग्राहकाने ‘हा पूर्ण वाढला की केवढा होतो?’ एवढे विचारल्याखेरीज पैसे देऊ नयेत. खोली लहान, मुक्काम तात्पुरता आणि पाणी बेताचे असेल, तर दोन फुटांच्या टाकीत दीड-दोन इंचांच्या झेब्रा माशांचा छोटा थवा आयुष्यभर सुखाने राहतो. आपल्या देशातलाच हा मासा त्या टाकीबाहेर कधीच वाढत नाही.