मातीतली ठेव



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पनवेलला आला, तो हातात एक लांब दांडीचे यंत्र घेऊनच. दांडीच्या टोकाला ताटलीएवढे कडे, कानाला श्रवणयंत्र आणि डोळ्यांत खजिन्याची स्वप्ने. “मावशी, जमिनीतला धातू हे यंत्र बोलून दाखवते,” असे तो मोठ्या उत्साहाने सांगू लागला.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. कड्यातील तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीतल्या धातूत त्या क्षेत्रामुळे सूक्ष्म प्रवाह उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र ध्वनीच्या रूपाने आपल्या कानी पोहोचवते. लहान नाणे मात्र साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर आम्ही एक सकाळ घालवली. खारी ओली वाळू स्वतःच वीजवाहक असल्याने यंत्र उगाचच किंचाळे. बाटल्यांची झाकणे, दोन खिळे आणि एक चालू रुपया, एवढीच आमची मिळकत झाली.

खरी गोष्ट घडली ती आमच्या शेतात. भातकापणी झालेल्या खाचराच्या बांधाजवळ यंत्र बोलले आणि मातीतून एकापाठोपाठ एक अशी तांब्याची पाच नाणी निघाली. एकावरची अक्षरे लावता आली: एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. ती शिवराई होती. शिवछत्रपतींच्या नंतरही या नावाचा पैसा महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत राहिला, त्यामुळे आमचे नाणे नेमके कोणत्या काळातले हे जाणकारच सांगू शकेल.

भाचा तत्काळ चिंच आणि मीठ घेऊन बसला. मी त्याचा हात धरला. घासण्याने नाणे चकाकते खरे, पण त्यावरचा जुना थर आणि झिजलेली अक्षरे कायमची जातात. तोवर त्याने एका ओळखीच्या व्यापाऱ्याला छायाचित्र पाठवलेही होते, आणि “कोठे मिळाली हे कोणाला सांगू नका, रोख देतो” असा निरोपही आला होता. त्या एका वाक्याने माझे मन अस्वस्थ झाले.

त्याला कारणही होते. आमच्या घरात चांदीचे जड तोडे आहेत. आजेसासऱ्यांना शेत नांगरताना नाण्यांनी भरलेले एक मडके लाभले आणि ती नाणी आटवून हे तोडे घडवले गेले, असे सासूबाई मोठ्या अभिमानाने सांगत. ती नाणी कोणत्या राजाची, किती होती, कोणी आणि कोणत्या भयाने पुरून ठेवली, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. मी ते तोडे हौसेने मिरवले आहेत. त्या दिवशी प्रथमच त्यांचे वजन जाणवले.

नाण्याचे मोल धातूत थोडे आणि स्थानात अधिक असते. आपल्या समोरच्या घारापुरीचेच उदाहरण घ्या. तेथील लेण्याचा शिलालेख पोर्तुगीज अमलात काढून पोर्तुगालला नेला गेला आणि तेथे तो हरवला. मग लेणे कोणाच्या काळातले हे ठरवायचे कसे? त्या बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मोठ्या संख्येने सापडली आणि सहाव्या शतकातील कलचुरींकडे निर्देश करणारा तो एक महत्त्वाचा धागा ठरला. हीच नाणी कोणी निनावी विकली असती, तर ती केवळ ‘जुनी नाणी’ उरली असती.

नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक होती. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच विजेत्याने पराभूताचे चलन कसे आपलेसे केले, हे इतिहासाला कळले. तो वाटून गेला असता, तर प्रत्येक नाणे मुकेच राहिले असते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून मिळालेल्या प्राचीन वस्तू आयुष्यभर जपल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावातच उभे आहे.

कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या ठेवीचे मोल १० रुपयांहून अधिक असेल, तर तिचे स्वरूप, स्थळ आणि सापडल्याचा दिवस जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. ते लपवणाऱ्यास कारावासाची शिक्षा होऊ शकते. शासनाने ठेव स्वतःकडे घेतली, तर धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश अधिक रक्कम देण्याची तरतूदही त्यात आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. संरक्षित स्थळी तर खणणेच निषिद्ध आहे.

पण कायद्याच्या आधी आपल्या घरात दुसरे काही शिकवले गेले आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्य अणुव्रत सांगताना ठेवलेली, पडलेली, विसरलेली परकी वस्तू न दिल्यास घेऊ नये, असा अर्थ स्पष्ट केला आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे अतिचार मोजले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम मोडणे आणि बनावट वस्तू खरी म्हणून खपवणे हेही येतात. जुन्या नाण्यांच्या बाजारात फिरलेल्या कोणालाही हे तिन्ही ओळखीचे वाटतील.

आम्ही पाचही नाणी न धुता वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवली. बांधापासूनचे अंतर मोजून साधा नकाशा काढला, छायाचित्रे घेतली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. अर्जाचा मसुदा भाच्यानेच केला. आरंभी तो रुसला होता. “सापडले मला आणि द्यायचे दुसऱ्याला?” असे त्याने विचारले. मी त्याच्यासमोर तोडे ठेवले आणि म्हटले, “बाळा, हे कोणत्या राजाचे ते सांग.” तो बराच वेळ ते हातात फिरवत राहिला आणि मग लेखणी मागितली.

वाचकहो, तुमच्याही घरी आजोबांच्या पेटीत अशी काही नाणी असतील. ती घासू नका, आटवू नका. कोठून आली, कोणाला मिळाली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्यासोबत ठेवा. आमच्या तोड्यांसोबत ठेवायला तशी चिठ्ठी नाही.