साठ जणी, सात दिवस, एक माहितीपुस्तिका

नर्सिंग महाविद्यालयांतल्या प्राध्यापिका, पाठ्यनिर्देशिका, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि संस्थाचालक यांना जाहीर आवाहन

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयातलं एम.एस्सी.च्या प्रबंधांचं कपाट एकदा उघडून बघा. विषय मधुमेह असो, स्तनपान असो की हात धुणं, बऱ्याच प्रबंधांचा सांगाडा एकच. साठ जणी गोळा करायच्या, प्रश्नावली भरून घ्यायची, तासभर शिकवून माहितीपुस्तिका हाती द्यायची आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढतात. वाढणारच! उत्तरं आपणच सांगितलेली. तुलनेला दुसरा गट नाही. मग टी-चाचणी लावायची, ‘शिक्षण परिणामकारक ठरले’ असं लिहायचं आणि काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरं उमटवायची. त्या बायका महिन्याभरानंतर हात धुत होत्या का, त्यांच्या बाळांचे जुलाब कमी झाले का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

यात विद्यार्थिनींचा दोष नाही. त्यांची मार्गदर्शक मॅडमही याच साच्यातून बाहेर पडलेली. सकाळी क्लिनिकल पोस्टिंग, दुपारी लेक्चर, इन्स्पेक्शन आलं की फायली, वर हॉस्टेलची जबाबदारी. बढतीसाठी मात्र शोधनिबंध हवा, म्हणून पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकं पोसायची. (त्यांचे मेल तुम्हालाही येतातच.)

आणि प्रश्न तर वॉर्डात ढिगाने पडले आहेत. पुस्तक सांगतं, खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदला. अख्खा वॉर्ड एकाच सिस्टरच्या जिम्म्यात असतो त्या रात्री ते किती वेळा होतं? चार्टवर किती वेळा लिहिलं जातं? सलाईनच्या सुईची जागा कितव्या दिवशी लाल होते? कांगारू केअरमध्ये आई बाळाला खरंच किती तास छातीशी धरते, आणि आड काय येतं: पडदा नसणं, टाक्यांचं दुखणं की सासूचा धाक? याला प्रयोगशाळा लागत नाही. ‘लाल’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं, दोघींनी वेगवेगळं पाहून नोंदी जुळतात का ते तपासावं लागतं, नमुना किती हवा हे आधीच काढावं लागतं, एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी लागते. संशोधन-कौशल्य म्हणतात ते हेच, आणि ते करूनच अंगी येतं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली, तेव्हा तुलनेसाठी ४७ गावं वेगळी ठेवली. बाळांच्या घरी जाऊन त्यांना तपासणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या होत्या गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायका. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या बायकांना जमलं. मग पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आपल्याला तुलनेचा दुसरा वॉर्डही का सापडू नये?

दरवर्षी १२ मेला आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने मेणबत्त्या पेटवतो. त्या नाइटिंगेलबाई १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या होत्या, हे त्या दिवशीच्या भाषणांत क्वचितच येतं.

संस्थाचालकांनो, एका दिवसाची कार्यशाळा, चहा, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो यावर आता खर्च करू नका. शिक्षिकेला आठवड्यातला एक दिवस तासांतून मोकळा द्या. तो तिने वॉर्डात घालवावा. जवळच्या मेडिकल कॉलेजातला संख्याशास्त्रज्ञ माहिती गोळा करण्याआधी बोलवा, आकडे हाती आल्यावर नव्हे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आमची मागणी: सगळे प्रबंध कुणालाही वाचता येतील असे ऑनलाइन ठेवा. ‘काहीच फरक पडला नाही’ असा प्रामाणिक निष्कर्ष काढणाऱ्या मुलीचे गुण कापू नका. आणि जिने शिक्षिका झाल्यावर रुग्णांमध्ये स्वतःचा एकही अभ्यास पुरा केलेला नाही, तिला मार्गदर्शक म्हणून मान्यता देऊ नका. हे येत्या विषय-निवडीपासूनच सुरू करा. आणि मार्गदर्शकांनो, सात दिवसांचा आराखडा टेबलावर आला, की सही न करता परत पाठवा.